रानातली तंबाखू भिजली तेव्हा

आमच्या निपाणीच्या रानात कापून वाळत घातलेली तंबाखू अवकाळी पावसात भिजत होती आणि आप्पा माझ्या धाकट्या बहिणीकडं, शकूकडं बघत होते. अजून कुठं ओल्या तंबाखूचा वास आला की मला तेच दिसतं.

मी चौथीनंतर रानात गेले, शकू शिकत राहिली. तेव्हा ती बेंगळूरला कॉम्प्युटरवर समुद्राचा हिशेब मांडायची. पाणी कुठं तापतं, वारं कसं वाहतं, त्यावरून पावसाळा कसा होईल ते बघायची. सुट्टीला येताना आकड्यांच्या कागदांचा जाड गठ्ठा घेऊन आली होती.

सकाळी आप्पांनी तिला विचारलं, "शकू, तंबाखू आज गोळा करू का ऱ्हाऊ दे?"

"आप्पा, ह्यातनं आजचा पाऊस कळत न्हाय. अख्ख्या पावसाळ्याचं असतंय हे."

"आता कुठला पावसाळा? मग ऱ्हाऊ दे की!"

दरवर्षी आप्पा हे मला विचारायचे. वारं फिरलंय हे मला पहाटेच कळलं होतं. पण शकूची फजिती व्हावी म्हणून मी तोंड उघडलं नाही.

आप्पा तिला रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "एवढा मोठा समुद्र, पोरगी तरी काय करंल?" पीक गेल्यापेक्षा मला ते जास्त झोंबलं.

शकूनं कळत नाही ते कळत नाही म्हणून सांगितलं होतं. मला कळत होतं आणि मी गप्प बसले. हे मी दोघांनाही कधी सांगितलं नाही.

त्या रानात आम्ही तिघं होतो. आप्पा गेले, मागनं शकू गेली. मी आहे.