बैलाचं वशिंड

रविवारी आमच्या हौशी चित्रकारांच्या गटाचं प्रदर्शन आहे, म्हणून यादी करायला बसले. दोरी, टाचण्या, कपड्यांचे चिमटे. चिमट्यांच्या डब्यात तांबडा डाग पडलेला एक जुना चिमटा हाती लागला आणि मी थेट अंबडच्या आठवडी बाजारात पोचले.

वीस वर्षांपूर्वी कचेरीतल्या आम्ही चौघींनी तिथं दोरी बांधून आपली चित्रं पहिल्यांदा लोकांसमोर टांगली होती. तासभर एकही माणूस थांबला नाही. घरी परत न्यावी लागतात की काय, असं वाटू लागलं. तेवढ्यात एक फेटेवाले आजोबा माझ्या तांबड्या बैलासमोर उभे राहिले.

"बाई, बैल तं झकास काढला. पन याचं वशिंड कुठं गेलं?"

मी पाहिलं. खरंच, पाठ सपाट!

"मंग जू घसरून राह्यलं असंल, मामा!" मागून कुणी ओरडलं. हशा पिकला, बघता बघता गर्दी जमली. मी कोळशाची कांडी आजोबांपुढे धरली. त्यांनी एका फटक्यात वशिंड काढलं.

"घ्या, आता जुंपा. बराबर झालं बिलकुल."

तेव्हा लाजेनं माझे कान तापले होते. आज त्या चित्रात तीच रेघ मला सगळ्यात जिवंत वाटते.

यादीत शेवटी लिहिलं: कोळशाच्या जादा कांड्या, बघणाऱ्यांसाठी.