आठवीपर्यंत

माया हिंगण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. नवरा बळीराम सीताबर्डीच्या स्टँडवर ऑटो लावतो. त्यांची एकुलती मिनल आरटीईच्या सोडतीत निवडली गेली आणि एका मोठ्या इंग्रजी शाळेत फुकट शिकू लागली. पोरगी हुशार. चौथीपर्यंत पहिल्या पाचांत असायची.

पुढं वर्गातल्या बाकीच्या मुली ट्यूशनला जायला लागल्या. "हे तुमचं ट्यूशनमध्ये झालंच असेल," म्हणत मिस धडा उरकायच्या. मिनलचं कुठंच झालेलं नसायचं. घरी विचारावं तर माया सातवी शिकलेली, बळीराम त्याहून कमी. मार्क घसरले. माया पोरीवरच चिडायची, "मोबाइल पाहून राहिली असशील दिवसभर!"

आठवी संपली. फुकट शिक्षणाचा नियम तिथवरच. नववीपासून पूर्ण फी. माया शिफ्ट बुडवून शाळेत मुख्याध्यापिकेला भेटायला गेली.

"मॅडम, दोनच वर्षं राहिली. काही कमी नाही होणार काय?"

"एकाला सूट दिली की सगळे मागतात," मॅडम म्हणाल्या. मग हसून म्हणाल्या, "आणि मिनललाही आता तिच्यासारख्या मुलांत बरं वाटेल."

माया गुपचूप उठून आली. आपण तेव्हा का बोललो नाही, हे तिला अजून खुपतं.

घराजवळच्या बिनफीच्या शाळेत सगळे विषय मराठीतून. फोटोसिंथेसिस घडाघडा समजावणारी मिनल 'प्रकाशसंश्लेषण' वाचताना अडखळायची, आणि वर्ग हसायचा. सहामाहीत तिनं विज्ञानाची उत्तरं इंग्रजीत लिहिली. सरांनी पानभर काट मारली. दहावीत विज्ञान आणि गणित दोन्ही गेले.

"पुन्हा बस वं परीक्षेले," बळीराम म्हणाला.

"कोणत्या भाषेत बसू, बाबा?"

ती बसली नाही.

आता मिनल अठरा वर्षांची आहे आणि आईशेजारी उभी राहून खोकी भरते. मागच्या महिन्यात परदेशी पाहुणे कंपनी बघायला आले. एकानं काहीतरी विचारलं, तर मिनलनं सहज इंग्रजीत सांगितलं. पाहुणे गेल्यावर सुपरवायझर परत आला.

"काहून वं, एवढं इंग्रजी येते तर इथं काय करून राहिली?"

मिनल मान खाली घालून टेप लावत राहिली. माया बोलली, "गरिबाले अर्धीच शाळा भेटते, साहेब."

त्याला ती गंमत वाटली. हसत हसत तो पुढच्या टेबलाकडे गेला.