रिकाम्या खोलीचं वजन

सदर इसम, वय वर्षे त्रेपन्न, घरविक्री कार्यालयात छायाचित्र-साहाय्यक पदावर कार्यरत असून, दर्जास बाधा न आणता फोटोंचे आकारमान घटविण्यात निष्णात आहेत. त्यांच्याकडून गेलेला एकही फोटो संकेतस्थळाने आजवर जड म्हणून परत पाठविलेला नाही.

ऑफिसात त्यांना ‘वैद्य’ म्हणत. “वैद्य, आमच्याही पोटाचे चार केबी उतरवा की!” असं कुणीतरी रोज म्हणे. “उतरवीन. पण मुळात दर्जाच नसला तर मी काय राखणार?” हे उत्तरही रोजचंच, न हसता दिलेलं.

डोळ्याला ज्याची उणीव भासत नाही तेवढंच काढायचं, हे त्यांचं तत्त्व. रिकाम्या खोल्या म्हणूनच लाडक्या. सपाट भिंतीत काँप्युटरला लक्षात ठेवण्यासारखं काही नसतं. फाइल आपोआप हलकी होते.

आई गेली, तसं त्यांनी राहतं घर विकायला काढलं. स्वयंपाकघर, बाहेरची खोली झटक्यात संकेतस्थळाच्या दोनशे केबींच्या मर्यादेत बसली. आईची खोली बसेना. पलंग हलवलेला, भिंतीला रंगाचे दोन हात दिलेले, तरी फोटो मात्र आत कुणी बसलेलं असावं तसा जड.

“अहो, अडलंय कुठे?” बायकोने विचारलं. “गिऱ्हाईक खोळंबलंय.”

“भिंतीत काहीतरी आहे.”

“भिंतीत विटा असतात.”

त्यांनी फोटो मोठा केला. खिडकीच्या तिरप्या उजेडात, रंगाखालून, बारीक रेघा वर आल्या होत्या. शेकडो. सगळ्या पलंगाच्या उंचीला, पडल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्याच टापूत.

शेवटच्या वर्षी आईची वाचा गेली होती. पलीकडच्या खोलीत काम करत बसलं की भिंतीतून खरवडल्याचा आवाज यायचा. वैद्यांनी तत्परतेने उंदराचा पिंजरा आणला होता. उंदीर काही सापडला नाही.

“दर्जा जरा उतरवा ना,” बायको म्हणाली. “भिंत गुळगुळीत होईल. कुणाला कळतंय?”

कुणालाच कळलं नसतं. पडद्यावरची दर्जाची पट्टी किंचित डावीकडे सरकवली, की रेघा जाणार, फाइल बसणार. ते बराच वेळ भिंतीकडे कान देऊन बसले. आता कसलाच आवाज नव्हता.

त्यांनी फोटो होता तसाच पाठवला.

संकेतस्थळाने तो परत पाठवला.