पाठकोरी चित्रं

मुलुंडला आमच्या शेजारी राहणाऱ्या नानांकडे क्रिकेटपटूंची अठ्ठेचाळीस चित्रं होती. मूळ संच पन्नासाचा. राहिलेल्या दोन चित्रांसाठी नानांनी कधी इकडची काडी तिकडे केली नाही. जमवणाऱ्या माणसाला एक वस्तू कमी असली तरी अन्न गोड लागत नाही, असं मी ऐकून होते. नानांना त्याचं काहीच वाटत नसे. कुणी विचारलं तर म्हणत, "अठ्ठेचाळीसच आहेत. पुरेत."

ही चित्रं दुसऱ्या महायुद्धाच्या आधी सिगारेटच्या पाकिटांतून निघायची. पत्त्याच्या पानाहून लहान; पुढे रंगीत खेळाडू, मागे कोपऱ्यात छापील नंबर आणि बाकी सगळं कोरं. लढाईत ती यायची बंद झाली, म्हणून ज्यांच्याकडे होती त्यांना एकदम भाव आला. गंमत म्हणजे नानांनी जन्मात सिगारेट ओढलेली नव्हती. मग इतकी चित्रं आली कुठून, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "लोक ओढायचे की."

रविवारी सकाळी हात धुऊन, पंचाला कोरडे पुसून ते बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडत. "बघा, पण हात मागे बांधून," हा नियम माझ्या नवऱ्यालाही लागू होता. चित्र कडेला धरून समोर करायचे आणि तसंच सरळ डब्यात ठेवायचे. उलटं करून कधीही दाखवत नसत. "नाना, मागे काय मडमेचा फोटो आहे का?" असं माझा नवरा चिडवायचा. नाना हसायचे. पुढे वाकलेल्या एखाद्या फलंदाजाकडे बघत म्हणायचे, "मैदानात किती वेळा आऊट झाला असेल बिचारा. इथे उभाच आहे." हे ते अगदी हळू म्हणत.

एकदा अंधेरीहून एक पारशी गृहस्थ मुद्दाम हा संच बघायला आले. तेही असलीच चित्रं जमवणारे. मी चहा घेऊन गेले होते. हात मागे बांधायचा नियम त्यांना कुणी सांगितला नसावा. त्यांनी एक चित्र उचललं आणि सरळ उलटं केलं. "अरे नाना, मागे पेन्सिल कोणी केली? वाट लावली ना! साफ असता तर मुंबईत असा सेट दुसरा नाय." नानांनी चित्र त्यांच्या हातातून काढून घेतलं. "आहेत तशी आहेत," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, बिचाऱ्यांना मागच्या गिचमिडीची लाज वाटते, म्हणूनच ते पाठ दाखवत नाहीत. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. समोरच्याच्या मनातलं आपल्याला कळतं, असा माझा तेव्हा फार मोठा समज होता.

पुढे नानांना दिसेनासं झालं. तांब्या बाजूला आणि पाणी भलतीकडे. मोतीबिंदू काढून घ्या म्हणून सगळे मागे लागले, पण दोन वर्षं ते ऐकेनात. "मला काय आता कलेक्टर व्हायचंय?" म्हणायचे. मग एका रविवारी मी त्यांना खिडकीशी उभं असलेलं पाहिलं. एक चित्र अगदी नाकाशी धरून ते उजेडाकडे तिरकं करत होते. बराच वेळ. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपल्या बायकोला, माईंना, ऑपरेशनचं ठरवायला सांगितलं.

मुंबईच्या इस्पितळात डोळ्यांना पट्टी आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना झोपवून ठेवलं. दिवस श्रावणाचे. दरवर्षी या दिवसांत नाना चित्रांना कोवळं ऊन दाखवत, नाहीतर ती दमट होऊन वाकायची. यंदा माई डबा घेऊन माझ्याकडे आल्या. "सुमन, मला जमायचं नाही गं. तू दाखवशील ऊन?"

मी गॅलरीत धोतर अंथरून चित्रं मांडली. थोड्या वेळाने पाठीलाही ऊन लागावं म्हणून उलटी केली. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं. मोठं, गोल, कच्चं अक्षर. 'दादरच्या मामाने दिले.' 'रस्त्यात सापडले. मी आधी पाहिले.' 'बंडूला चिंचा देऊन घेतले.' वाचून मला हसू आलं. कुणा शेजारच्या पोराने हा उद्योग केला असणार. मला ते पारशी गृहस्थ आठवले, नानांचा उतरलेला चेहरा आठवला. नानांना नवे डोळे मिळणार, तर चित्रंही नवी मिळू देत, असं मनाशी ठरवून मी खोडरबर घेतलं. दोन दुपारी बसून, वाचत वाचत, अठ्ठेचाळीसही चित्रांच्या पाठी पुसून काढल्या. कागदाला जराही चरा पडू दिला नाही.

माईंना मी डबा मोठ्या कौतुकाने उघडून दाखवला. त्यांनी एक चित्र उलटं केलं. मग दुसरं केलं. माईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. "सुमन, ते कुमुदचं होतं गं," त्या म्हणाल्या.

कुमुद त्यांची एकुलती एक मुलगी. बाराव्या वर्षी विषमज्वराने गेली. त्या घरात तिचा फोटो नव्हता, तिचं नाव कुणी घेत नसे. मुलगे तिला क्रिकेट खेळायला घेत नसत, म्हणून ती खेळाडूंची चित्रं जमवायची आणि कोणतं कसं मिळालं ते मागे लिहून ठेवायची. तिची अठ्ठेचाळीस झाली होती. "ते वाचता येईना, म्हणून तर डोळे कापून घ्यायला गेले," माई म्हणाल्या.

मी तेव्हाच इस्पितळात जाऊन सांगायला निघाले होते. माईंनी माझा हात धरला. "डॉक्टरांनी बजावलंय, दोन महिने रडायचं नाही. टाके तुटतात. तोवर गप्प बस." त्या दिवसांत मला धड जेवण गेलं नाही. शाळेत पोरांच्या वह्या तपासताना प्रत्येक गोल अक्षर मला तिचंच वाटायचं.

जाड भिंगांचा चष्मा लावून नाना घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माईंना वर्तमानपत्र वाचून दाखवलेलं मी भिंतीपलीकडून ऐकलं. मग ते डबा घेऊन आमच्याकडे आले. "बाई, नंबर दिसतोय," ते म्हणाले. "खालचं दिसत नाही. पेन्सिल फिकी असते. तुम्ही जरा वाचून दाखवा."

मी एकेक चित्र हातात घेऊन वाचू लागले. दादरच्या मामाने दिले. रस्त्यात सापडले. पाच आठवली, ती वाचली. सहाव्यापासून मी रचायला लागले. वाढदिवसाला मिळाले. शाळेच्या पायरीवर सापडले. नाना मान हलवत होते. एकदा मी वाचलं, "आत्याने दिले."

"तिला आत्या नव्हती, बाई," नाना म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं आणि रडले. नानांनी चित्रं नंबरवार लावून घेतली. "रडून घ्या," ते म्हणाले. "मला अजून पंधरा दिवस बंदी आहे." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "अक्षर कसं होतं, सांगता? मला दोन वर्षं दिसलं नव्हतं. तुम्ही नुकतं पाहिलंत." मी सांगितलं. गोल होतं. मात्रा मागे झुकलेल्या. 'ळ' नेहमी मोठा. ते लहान मुलासारखे ऐकत राहिले. तुम्ही सांगा, मी पुन्हा तसंच लिहून देते, असं मी म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलं आहे," नाना म्हणाले, "पण नको."

पुढच्या वर्षी ते दोघं पुतण्याकडे चेंबूरला राहायला गेले. निघताना नानांनी मला नेहमीसारखं "येतो, बाई" म्हटलं. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही राहिलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे, आणि त्याने मला काडीचाही दिलासा मिळालेला नाही. त्यानंतर दोनच वर्षांत ते गेल्याचं कळलं. ते अक्षर वाचलेली आता बहुधा मीच उरले आहे. पाच ओळी मला अजून पाठ आहेत. उरलेल्या त्रेचाळीसही मी वाचल्या होत्या. त्यांतली एकही आठवत नाही.