निळाईचे शंभर रुपये

नकार देण्यात आमच्या आतोबांइतका आनंद मानणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसावा. आत्याचे हे यजमान संगमनेरच्या अलीकडे प्रवरेकाठी शेती करत. एस.टी.त कंडक्टरने ‘पुढे सरका’ म्हटले की ते मागे सरकत. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने जिलबीचा आग्रह केला की पानावर आडवा हात धरत. आणि तो न विचारताच पुढे गेला, तर नकार देण्यासाठी त्याला हाक मारून परत बोलावत. आयुष्यात विडीला न शिवलेल्या या माणसाला एकदा डॉक्टरने सवयीने ‘विडी बंद करा’ म्हणून सांगितले. आतोबांनी परतीच्या वाटेवर एक बंडल विकत घेतले आणि खोकत खोकत ते संपवूनच घरात पाऊल टाकले.

त्यांच्याकडे बारा बोअरची एकनळी बंदूक होती. उसात रानडुकरे शिरत, म्हणून परवाना मिळालेला. तिने एखादे डुक्कर मेल्याचे कुणाच्या ऐकिवात नव्हते, पण आवाज दांडगा होता आणि डुकरांना तेवढा पुरे. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी ते परवान्याचे नूतनीकरण करायला तालुक्याला गेले, तेव्हा तिथल्या कारकुनाने गंजलेली नळी बोटाने उचलून पाहिली आणि म्हणाला, “बाबा, ही बंदूक आहे की चुलीची फुंकणी? जमा करून टाका.”

‘जमा करून टाका’ हे शब्द आतोबांना डसले. दुसऱ्याच दिवशी ते नगरला माझ्या खोलीवर हजर. मी तिथे शाळेत मास्तर होतो. बंदूक धोतराच्या पानात गुंडाळलेली. “मास्तर, चला भिंगारला,” एवढेच म्हणाले.

भिंगारला लष्करातून निवृत्त झालेला एक मिस्त्री बंदुका दुरुस्त करी. त्याने नळी उजेडात फिरवून पाहिली. गंज घासून काढायचा, नळी आरशासारखी करायची, मग औषध लावून पुन्हा पुन्हा उकळायची आणि घासायची, म्हणजे लोखंडावर गर्द निळाई चढते, असे त्याने समजावले. “शंभर रुपये पडतील.”

“शंभर?” आतोबा म्हणाले. “अरे, शंभरात दारात गाय उभी ऱ्हाती.”

“मग गाय घ्या,” मिस्त्री म्हणाला. “एक पैसा कमी होणार नाही.”

दोन हटवादी माणसे समोरासमोर आली की तिसऱ्याने रस्त्याकडे बघावे. मी तेच केले. आतोबांनी नळी गुंडाळली आणि टांग्यात बसता बसता जाहीर केले, “उकळायचंच हाय ना? घरी उकळतो.”

त्यांचा हिशेब सरळ होता. निळाई हवी तर निळे काहीतरी घालावे. घरात पिकावर फवारायचे मोरचूद होते. त्याहून निळे आणखी काय असणार? नळी मावेल असे भांडे म्हणजे गुऱ्हाळाची काहील. आत्या माहेरी आमच्याकडे आलेली असताना त्यांनी काहिलीखाली जाळ घातला. मोरचुदाने लोखंडावर तांबे चढते, हे त्यांना काहिलीने शिकवले. नळी बाहेर निघाली ती लालबुंद. आणि काहीलही आतून लाल.

आत्याने परत आल्यावर नळीकडे पाहिले, मग काहिलीकडे. “तांब्याच्या बंबाला बसवा आता,” ती म्हणाली. “आन् काहील तुमीच घासायची. निळाईचं खूळ डोस्क्यातनं काडा.”

हे शेवटचे वाक्य तिने बोलायला नको होते. काहील घासून झाली त्याच आठवड्यात आतोबा पुन्हा भिंगारला. याही खेपेला मी सोबत होतो. मिस्त्रीने ती तांबडी नळी नखाने खरवडून पाहिली. मग आतोबांच्या थकलेल्या, मोरचुदाने डागाळलेल्या हातांकडे पाहून हळूच म्हणाला, “असू द्या बाबा. पन्नास द्या.”

मला वाटले, जिंकले. पण आतोबांचा चेहरा एकदम कठीण झाला.

“शंभर सांगितले व्हते ना? शंभरच घे. तांबं काडायचे वरून पंचवीस घे. दया मागायला मी काय तुज्या दारी आलो न्हाई.”

मिस्त्री नको म्हणत होता आणि आतोबा त्याच्या खिशात नोटा कोंबत होते. उभ्या आयुष्यात त्यांनी किंमत वाढवून दिलेली मी एवढी एकदाच पाहिली.

नळी आली ती पावसाळी ढगासारखी, काळसर निळी. गावात जो भेटेल त्याला ते आधी किंमत सांगत आणि मग नळी दाखवत. तालुक्याच्या कारकुनाने “नवी घेतली काय?” असे विचारले, तेव्हा ते कचेरीतून बाहेर येऊन पार कोपऱ्यापर्यंत एकटेच हसत गेले. मात्र त्यानंतर बंदूक उडाली नाही. दवाने डाग पडेल, घामाने गंज चढेल म्हणून ती खुंटीवरून निघेना. रानडुकरे आली की आतोबा बांधावर उभे राहून त्यांना नुसत्या शिव्या देत, आणि डुकरे निवांत ऊस खात.

पुढे काही वर्षांनी ते गेले. परवाना त्यांच्याबरोबरच संपला, तेव्हा बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला आत्याबरोबर मी गेलो. निघण्याआधी तिने उंबऱ्यात बसून नळीला तेलाचे बोट फिरवले होते. हवालदाराने पावती लिहिली आणि बंदूक कोपऱ्यातल्या ढिगावर टाकायला उचलली.

“तिथं न्हाई,” आत्या म्हणाली. “तिथं ओल हाय.”

“आजी, सगळ्या तिथंच ठेवतात.”

“ठिवत असतील. हिला सव्वाशे रुपये दिल्यात मालकांनी. भिंगारात जाऊन इचारा.”

आवाज चढला नव्हता, पण ती दारातून हललीही नाही. हवालदाराने माझ्याकडे पाहिले, मी रस्त्याकडे. शेवटी त्याने भिंतीवरची एक कंदिलाची खुंटी मोकळी केली आणि बंदूक तिथे लावली. नळी कुठे भिंतीला घासत नाही ना, हे आत्याने वाकून पाहिले. मग पदर डोक्यावर सारखा करून ती म्हणाली, “चल. गाडी चुकंल.”

गाडीला अजून खूप वेळ होता. स्टँडवरच्या बाकावर आम्ही दोघे नुसते बसून राहिलो.