चांदणी कशाला टाकायची

सुनेत्रा मगदूमचं डोकं लॅपटॉपशेजारी टेबलावर टेकलेलं आहे. झोप अजून लागलेली नाही, पण रस्त्यावरचे आवाज हळूहळू लांब सरकतायत. दुपारचे सव्वातीन. पाच वाजता तिची कंपनीची ऑनलाइन परीक्षा आहे, दुसऱ्यांदा. कंपनीनं नवं वेब फ्रेमवर्क घेतलंय आणि सेहेचाळिसाव्या वर्षी ते जमलं नाही तर बाईंनी घरी बसायचं, इतकं सरळ आहे. एकवीस दिवस ती व्हिडिओ बघतेय. आधी फ्रेमवर्कचे, मग त्याच्या खालच्या भाषेचे, मग पार 'व्हेरिएबल म्हणजे काय' इथपर्यंत उतरली. तरी सरावातल्या यादीत नवं नाव घातलं की पडदा ढिम्म, ते नाव दिसतच नाही. काल रात्री सुनेत्रा बाथरूममध्ये नळ सोडून रडली. आता तेवढंही त्राण नाही.

"सरक की जरा."

सुनेत्रा सरकते. शेजारच्या खुर्चीत नसीम मुजावर बसते. नसीमला जाऊन तीन वर्षं झाली हे सुनेत्राला ठाऊक आहे, पण तोंडावर कसं बोलायचं. खाली यंत्रमाग खटखटतायत, म्हणजे ही पुण्यातली खोली नाही. हा इचलकरंजीचा कॉम्प्युटर क्लास आहे. चपला दाराबाहेर आणि दोघींत मिळून एक मशीन. नसीमनं सांगायचं आणि सुनेत्रानं टाइप करायचं, अशी त्यांची वाटणी होती. पुढं नोकरी लागली ती टाइप करणारीला. सांगणारीचं लग्न झालं आणि ती नवऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी राहिली.

"बरं झालं आलीस. तू सांग, मी टाइप करतो," सुनेत्रा म्हणते. पुण्यात ती 'करते' म्हणायला शिकली, पण नसीमपुढं गावाकडच्या पोरींचं 'करतो'च येतं.

"मी मेलोय न्हवं? मी काय सांगणार."

"शेवटचं एकदा, नसीम. पाया पडतो तुझ्या."

झेरॉक्स मशीनचा हिरवा उजेड दोघींच्या तोंडावरून सरकतो. दुकानाच्या काउंटरवर कागद पडत राहतात. सगळ्यांवर सुनेत्राचं तेवीस वर्षांचं काम आहे.

"ह्यातलं समजून किती लिहिलंस?"

सुनेत्रा कागद चाळत राहते. हे इथून उचललेलं, ते तिथून. सगळा जन्म दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायलं. तिला स्वतःची इतकी लाज वाटते की मान वर होत नाही.

"क्लासात व्हेरिएबलच्या नावाआधी ती चांदणीची खूण टाक म्हणायचो मी, आठवतंय?" नसीम विचारते.

"आठवतंय की."

"कशाला टाकायची, कधी विचारलं नाहीस."

"तू हसशील वाटायचं."

"आणि मला वाटायचं, तुला कळतंय. नाहीतर थांबलो असतो की गं."

नसीम तिचा हात ओढून घेते आणि तळव्यावर बॉलपेननं चौकोन काढते. "हा डबा. यादी ह्यात. आणि हा बाण, डबा कुठं ठेवलाय ते दाखवणारा. चांदणी टाकली की बाणाच्या टोकाला जाऊन आत बघायचं. आता नवं नाव कुठं घातलंस?"

"डब्यात."

"बाण हलला?"

"नाही. त्याच डब्याकडं हाय."

"मग तुझं ते नवं फ्रेमवर्क का काय ते, ते काय बघत असंल?"

नसीम खाटेवर आहे. हातात सलाईन, डोक्याला रुमाल. हा वॉर्ड सुनेत्रानं कधी पाहिलेला नाही. तेव्हा प्रोजेक्टची गडबड होती, पुढच्या रविवारी जाऊ म्हणाली आणि तो रविवार आलाच नाही.

"बोल की. मला वेळ नाही."

"ते डबा उघडतच नाही," सुनेत्रा सावकाश म्हणते. "नुसता बाण बघतं. बाण तिथंच, म्हणजे काही बदललंच नाही, असं त्याला वाटतं."

"मग?"

"नवा डबा घ्यायचा. जुनी नावं त्यात, नवं नाव त्यात, आणि बाण तिकडं वळवायचा."

नसीम डोळे मिटते.

"थांब, अजून लई विचारायचंय."

"आता विचारतीस व्हय," ती डोळे न उघडता म्हणते.

"सुनेत्रा, चहा टाकू का गं? साडेचार झाले," सासूबाई स्वयंपाकघरातून विचारतात.

सुनेत्रा मान उचलते. गालावर टेबलाच्या कडेचा वळ आहे. उजव्या तळव्यावर निळ्या शाईचे दोन चौकोन आहेत आणि दुसऱ्याकडं वळलेला एक बाण. सुनेत्रा उजव्या हातानं लिहिते. स्वतःच्या उजव्या तळव्यावर इतकी सरळ रेघ तिला सात जन्मांत काढता यायची नाही.

घामानं पुसेल म्हणून ती तो हात उघडाच धरते आणि डाव्या हाताच्या एका बोटानं लॅपटॉपवरची यादीत नाव घालायची ओळ खोडून नवी लिहायला लागते. प्रत्येक शब्दाआधी तो कशाला, ते मोठ्यानं सांगते. शेजारी आता सांगणारं कुणी नाही.