तापलेली चाकं

मोटारीतलं पेट्रोल हिशेबाबाहेर संपतंय, हे घरात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. मी संशयी आहे. आमच्या चादरींच्या कारखान्याचं सामान माझ्या ताब्यात असतं आणि ज्याच्या ताब्यात सामान आहे त्यानं संशयी असावंच. मागाचे धोटे, पट्टे, कातडी वाद्या या वस्तूंना पाय फुटतात, हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी शिकले होते.

पेट्रोलचे भाव भडकले तेव्हाची ही गोष्ट. आमच्या ओळखीचे निम्मे कारखानदार मोटारीवर ताडपत्री टाकून सायकलीवर फिरू लागले होते. आमची मोटार मात्र चालू होती, कारण सासऱ्यांचे गुडघे चालत नव्हते. सासऱ्यांना घरात आणि कारखान्यात सगळे अप्पा म्हणत. घर आणि मागांची शेड एकाच आवारात. अप्पा आठवड्यातून एकदा मंद्रूपच्या शेताकडे जात, आणि रोज संध्याकाळी सिद्धेश्वराच्या दर्शनाला. ड्रायव्हर मंद्रूपचाच होता. त्याचा बाप आमचं शेत बघायचा. पंचविशीतला, कमी बोलणारा, गाडीच्या काचा स्वतःच्या उपरण्यानं पुसणारा. कमी बोलणाऱ्या माणसावर माझा संशय आधी जातो.

दिवाळी होऊन गेली होती. जितक्या पेट्रोलमध्ये मंद्रूपची खेप आधी सहज व्हायची, तितक्याच पेट्रोलमध्ये गाडी आता परतीच्या वाटेवर धापा टाकू लागली. मी टाकीत घालायला वेताची एक काडी केली, तिच्यावर सुरीनं खुणा केल्या आणि गाडी निघताना व परत आल्यावर बघू लागले. पेट्रोलची ओली खूण दर खेपेला आधीपेक्षा खाली सरकत होती. पेट्रोल चोरणारे रबरी नळी तोंडानं ओढतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून गाडी आली की मी ड्रायव्हरला स्वतः चहा द्यायला जायचे आणि जवळ उभी राहून बोलायला लावायचे.

"शेतावर ज्वारी कशी आहे?"

"बरी हाय अक्का."

"अजून सांग की."

"अजून काय सांगू? उभी हाय."

तंबाखूचा वास यायचा. पेट्रोलचा नाही. मी अप्पांना काडी दाखवली, पण वास येत नाही हेही सांगितलं. त्यांनी पहिलं ऐकलं, दुसरं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर शेडच्या दारात उभा राहून अप्पांना सांगायला लागला, "मालक, गाडी धरतीया. पाय काडला तरी बिरेक सुटत न्हाई." माग चालू असले की शेडमध्ये कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. माणसं ओठ बघून बोलतात. त्यामुळे तो ओरडत होता, अप्पा ओरडत होते आणि बाकीच्यांच्या दृष्टीनं ते दोघं नुसते तोंड हलवत होते. तेवढ्यात लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले. त्या शांततेत अप्पांचं उरलेलं अर्धं वाक्य शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं.

"कळ्ळ नन मग!"

चोर लेकाचा. आमच्या घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालतं, पण अप्पा शिवी कन्नडमध्येच देत. ड्रायव्हरच्या घरचीही तीच भाषा. विणकरांची भाषा तेलुगू, पण इतकं कन्नड सोलापुरात कुणालाही कळतं. कुणीतरी हसलं. ड्रायव्हर बाहेर गेला आणि गाडीच्या पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला.

संध्याकाळी अप्पांनी फर्मान काढलं, "अमावास्येनंतर दुसरा माणूस बघायचा."

याचा अर्थ काय, हे मला नीट कळत होतं. गावातले मोटारी ठेवणारे लोक एकमेकांना ओळखतात, एकाच देवळात भेटतात. अप्पांनी चोर म्हणून काढलेल्या माणसाला सोलापुरात कुणी किल्ली दिली नसती, आणि त्याच्या बापाला मंद्रूपमध्ये मान वर करता आली नसती. त्याची मला दया आली असं म्हणणार नाही. मला खात्री हवी होती. चोर असेल तर जाऊ दे. नसेल तर खरा चोर आवारातच राहणार आणि पुढं माझ्या सामानाला हात घालणार.

म्हणून पुढच्या खेपेला अप्पांच्याऐवजी मी मंद्रूपला गेले. पेट्रोल माझ्यासमोर भरलं, टाकीचं झाकण माझ्या हातानं लावलं आणि शेतावर पोचल्यावरही गाडीतून उतरले नाही. शेतावरच्या बाईनं पाण्याचा तांब्या आणला, तो खिडकीतून घेतला. ती म्हणाली, "उतरा की वैनी, काय रुसलाय का?" मी म्हटलं, "पाय दुखतोय." ड्रायव्हर ओळखून होता. तो खाली मान घालून हसला.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हरला टाकीत काडी घालायला लावली आणि खिडकीतून बघितली, तर खूण नेहमीइतकीच खाली गेली होती. म्हणजे मधे कुणी पेट्रोल काढलं नव्हतं. गाडीच ते पीत होती.

विजापूर रस्त्याला एक लांब उतार आहे. तिथं ड्रायव्हर म्हणाला, "अक्का, आता बघा." त्यानं गिअर काढला आणि दोन्ही पाय वर घेतले. गाडी उतारावरून घरंगळायला हवी होती. ती हळू झाली आणि चक्क उभी राहिली, हट्टी रेड्यासारखी.

"मालकास्नी हेच सांगत हुतो. पेडल बी बघा, दगडावानी झालंय. ढिलं पडत न्हाई."

तेव्हा मी उतरले. जळकट वास येत होता. येताना मला वाटलं होतं, कुणीतरी बांधावर काडीकचरा पेटवलाय. मागाचं बेअरिंग तापलं की आम्ही हाताची उलटी बाजू लावून बघतो. तळहात राबून निबर झालेला असतो, त्याला उशिरा कळतं. तशी मी एकेका चाकाच्या मधोमध हाताची पाठ नेली. लावायची गरजच पडली नाही. चारी चाकं तव्यासारखी तापली होती. ब्रेक दाबलेलेच राहत होते आणि इंजिन त्या ब्रेकांना ओढत गावापर्यंत नेत होतं. पेट्रोल तिथं जात होतं.

सावलीत थांबून गाडी थंड झाली आणि गुपचूप सुटली. घरी येईपर्यंत ती शहाण्यासारखी चालली.

सकाळी मी गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्री अप्पांचा जुना माणूस. त्यानं जॅक लावून एकेक चाक फिरवलं.

"बाई, मेरेकू कुच नइ दिस्ता. ह्ये बघा, भिंगरीसारखं फिरतंय."

"थंड आहे म्हणून फिरतंय."

"डायवर बोल्या क्या ऐसा?" तो ड्रायव्हरकडे बघून डोळे मिचकावत म्हणाला. "डायवर लोगां की बातां नक्को सुनो बाई. हम बीस साल से सुनतेंय."

आता माझा संशय मिस्त्रीवर गेला. दसऱ्याच्या आधी ब्रेकांचं अस्तर यानंच बदललं होतं. स्वतःचं काम वाईट झालं हे कोण कबूल करेल? मी म्हटलं, "मिस्त्री, चला. बसा गाडीत. तुमची पानं वाटेत घेऊ."

तो बसला. ऊन चढलं होतं. विजापूर रस्त्यानं आम्ही नुसते पुढं गेलो. मी ड्रायव्हरला सांगितलं होतं की जिथं बैलगाडी दिसेल तिथं ब्रेक दाब. बैलगाड्यांना काही तोटा नव्हता. हळूहळू मिस्त्रीचं पान खाणं थांबलं. तो मान तिरकी करून ऐकू लागला आणि गाडी पुन्हा जागेवर उभी राहिली तेव्हा स्वतःच खाली उतरला.

"अस्तर घट्ट बसवलंत," मी म्हटलं.

"गलत काम बोलू नका बाई. बघून बोलू."

त्यानं चाकामागचा एक बारीक स्क्रू पान्यानं सैल केला. दाबून धरलेलं तेल पिचकारीसारखं बाहेर उडालं आणि त्याच क्षणी ते चाक सुटलं. मिस्त्री टाचांवर बसून हसला. दोष अस्तराचा असता तर तेल सोडून चाक सुटलं नसतं. म्हणजे चाकं निर्दोष होती. पेडल दाबल्यावर खाली आलेलं तेल वर परत जात नव्हतं. वाट वरच बंद झाली होती.

गॅरेजमध्ये येऊन त्यानं ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलली. तिथं पत्र्याच्या झाकणाखाली ब्रेकच्या तेलाचं भांडं असतं, त्यातूनच सगळ्या चाकांना तेल जातं. त्यानं ते खोलून आतली रबरी वाटी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. नवी वाटी शेजारी धरली. जुनी फुगली होती, रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टम्म. फुगून तिनं तेलाची परतीची भोकंच बुजवली होती.

"ब्रेकचं तेल वेगळं असतंय बाई. दुसरं कुठलं पण तेल पडलं, की रबर खल्लास." त्यानं ड्रायव्हरकडे बघितलं. "असली तेल विकून खाल्लं आन हलकं भरलं. हौ ना रे?"

ड्रायव्हरचा चेहरा पडला. मी वाटी नाकाजवळ नेली. तो वास ओळखायला मला वेळ लागला नाही. त्या वासात मी नांदते आहे. माझ्या लुगड्यांना, अंथरुणांना, लोणच्याच्या बरणीच्या दादरालासुद्धा तो येतो. ते आमच्या मागांचं तेल होतं.

घरी आल्यावर मी वाटी अप्पांच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. अप्पांनी ती हुंगली.

"बघ! मी म्हणत नव्हतो? चोरच हाय. आता माझंच तेल चोरून घातलं."

"अप्पा, तेलाच्या पिंपाला कुलूप आहे."

"मग?"

"त्याची चावी कुणाच्या कमरेला असते?"

चावी अप्पांच्या करगोट्याला होती. तिथून ती आंघोळीलासुद्धा सुटत नसे. मला तेल लागलं तर मीसुद्धा मागून घ्यायची. अप्पांचा हात आपोआप कमरेकडे गेला. पुढचं त्यांना माझ्याआधी आठवलं होतं.

खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे माग बंद असतात. यंत्रं पुसतात, झेंडू बांधतात, हळदकुंकू लावतात, आणि त्याआधी अप्पा स्वतः लांब चोचीचं तेलपात्र घेऊन फेरी काढतात. हा मान त्यांचा. प्रत्येक माग, शिलाईचं मशीन, विहिरीचा रहाट, फाटकाच्या बिजागऱ्या, सगळ्यांच्या तोंडात त्यांच्या हातचं तेल पडायला हवं. उपाशी यंत्राची पूजा करू नये, असं ते म्हणतात. त्या वर्षी अस्तर बदलल्यामुळं पायाखालचं ते झाकण कुठं असतं हे त्यांनी गॅरेजमध्ये पाहिलं होतं. ड्रायव्हर फाटकाला तोरण बांधत असताना त्यांनी चटई उचलली असणार, भांडं थोडं रितं दिसलं असणार, आणि मोटारीलाही जेवू घातलं असणार.

अप्पा म्हणाले, "सगळी रबरं बदलून घे."

रबरं बदलली, नळ्या स्पिरिटनं धुतल्या, गाडी उतारावरून घरंगळू लागली. ड्रायव्हर रोज यायचा, काचा पुसायचा, पण किल्लीला हात लावायचा नाही. खुंटीवर ती लटकत राहिली. अप्पांचं देवळात जाणं थांबलं.

"काय पाहिजे त्याला?" त्यांनी मला विचारलं.

"त्यालाच विचारा."

दुपारी त्यांनी ड्रायव्हरला शेडमध्ये बोलावलं. मी सामानाच्या खोलीच्या दारात उभी होते. माग धडाडत होते. अप्पा त्याच्यासमोर उभे राहिले, त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, कुणालाच आलं नाही. तशी वेळ त्यांनी मुद्दाम निवडली होती, असा माझा संशय आहे आणि तो अजून कायम आहे.

ड्रायव्हरनं कानामागं हात धरला आणि मान हलवली. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाला. ते त्यानं मला नंतर सांगितलं: "मालक, शिवी दिलाव तवा लाईट गेली हुती."

दिवसाउजेडी, लाईट असताना, ऑर्डर अंगावर असताना अप्पांनी चालू माग कधी थांबवले नव्हते. सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा दुपारपर्यंत चालू होते. ते गुडघे धरत भिंतीपर्यंत गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

शेड गप्प झाली. विणकरांनी लाईट गेली म्हणून छताकडे बघितलं, मग अप्पांकडे.

"तप्पायतु," अप्पा म्हणाले. चूक झाली. नंतर मराठीत, सगळ्यांना कळावं म्हणून, "ह्यानं पेट्रोल चोरलं न्हाई. गाडीत नको ते तेल मी घातलं."

या वेळी कुणी हसलं नाही. ड्रायव्हरनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि किल्ली काढायला गेला. अप्पांनी स्विच वर केला.

माग मधेच थांबला की कापडात आडवी पट्टी पडते. त्या क्षणी मागांवर होत्या त्या सगळ्या चादरींत ती पडली आणि त्या मी सेकंडच्या, म्हणजे दोष असलेल्या मालाच्या ढिगात टाकल्या. एक घरी वापरायला काढली. पट्टी सोडली तर कापड चांगलं होतं.

मोटार कुठूनही आली की मी चाकांना हाताची पाठ लावून बघते. ड्रायव्हर आता त्याचा राग धरत नाही. खंडेनवमीला मोटारीतल्या त्या चटईवर तोच पाय रोवून बसतो, अप्पांची तेलाची फेरी आणि पूजा संपेपर्यंत उठत नाही.